‘थांबायला हवे’ : क्रीडासमीक्षेतील विधान आणि रसिकांचा वाद

वृत्तपत्रांतील क्रीडालेखन हा मराठी गद्याचा एक विपुल, आवडीने वाचला जाणारा आणि तरीही अभ्यासकांच्या नजरेतून बराचसा निसटलेला प्रकार आहे. १९६२ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकर यांनी क्रीडेला स्वतंत्र पान मिळवून दिले; संदीप पाटील यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘एकच षटकार’ने क्रिकेटविषयक लेखनाला नियतकालिकाचे घर दिले; द्वारकानाथ संझगिरी यांनी त्याच विषयाला ललित निबंधाच्या अंगणात आणले. या लेखनाच्या शैलीबद्दल अधूनमधून कौतुकाने बोलले जाते. परंतु क्रीडासमीक्षक जेव्हा मत देतो, तेव्हा तो नेमके कोणत्या जातीचे विधान करीत असतो, आणि त्या मतावर वाद घालणारा वाचक कोणत्या गोष्टीचा प्रतिवाद करीत असतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

विचारासाठी एक अलीकडचा प्रसंग घेतो. २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भारतीय संघ मायदेशी न्यूझीलंडकडून तिन्ही कसोटी हरला. त्यानंतरच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कर्णधार रोहित शर्मा तीन कसोटींत पाच वेळा फलंदाजीस आला आणि त्याच्या एकूण धावा झाल्या ३१. मालिकेत भारत १-२ असा मागे असताना, ३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या सिडनी कसोटीतून तो स्वतःच बाहेर राहिला. दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्याने सांगितले, की धावा होत नसल्यामुळे आणि सामना महत्त्वाचा असल्यामुळे आपण हा निर्णय घेतला, ही निवृत्ती नव्हे; आणि पुढे असेही म्हटले, की ज्यांच्या हाती ध्वनिक्षेपक, लेखणी वा लॅपटॉप आहे त्यांनी आपण केव्हा थांबावे हे ठरवावयाचे नाही. ७ मे २०२५ रोजी त्याने कसोटी क्रिकेट सोडले.

मुंबईच्या या खेळाडूच्या निर्णयावर समुद्राच्या अलीकडच्या तीरावर, म्हणजे उरण, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातही, भरपूर वाद झाला यात नवल नाही. हा किनारा मुंबईची वृत्तपत्रे वाचतो, मुंबईत नोकरी करतो आणि मुंबईचे खेळाडू आपले मानतो. वादाचा विषय वरवर पाहता रोहित शर्मा हा होता. वस्तुतः तो ‘लिहिणाऱ्यांना बोलण्याचा अधिकार काय?’ हा होता. एक पक्ष म्हणे, लेखकांचे खरे ठरले. दुसरा म्हणे, लेखकांनीच त्याला घालविला. दोन्ही पक्षांनी समीक्षकाला एकच विधान केल्याचे गृहीत धरले होते. माझ्या मते घोटाळ्याचे मूळ तेथे आहे.

क्रीडासमीक्षेत निदान तीन प्रकारची विधाने एकमेकांत मिसळलेली असतात. पहिले वृत्तविधान : ‘पाच डावांत त्याने ३१ धावा केल्या.’ हे खरे किंवा खोटे असते आणि धावफलक उघडून त्याचा निकाल लावता येतो. दुसरे अनुमानविधान : ‘त्याची कसोटी कारकीर्द संपत आली आहे असे दिसते.’ याचा निकाल काळ लावतो. तिसरे विधिविधान : ‘त्याने आता थांबायला हवे.’ याचा निकाल धावफलकही लावू शकत नाही आणि काळही लावू शकत नाही. कारण ते जगाबद्दल काही सांगत नाही, एका माणसाने काय करावे हे सांगते. त्याला आधार लागतो तो कारणांचा आणि एखाद्या मूल्याचा.

सिडनी कसोटीच्या वेळी सुनील गावसकर यांनी समालोचन करताना असा अंदाज व्यक्त केला होता, की रोहितची मेलबर्नची कसोटी ही बहुधा त्याची अखेरची ठरेल. मे महिन्यात तो खरा ठरला. परंतु खरे ठरले ते अनुमान. ‘त्याने थांबावे’ हे विधिविधान त्यामुळे सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. आभाळ पाहून ‘पाऊस येईल’ म्हणणाऱ्याचे बोलणे खरे झाले, म्हणून पाऊस यावयास हवा होता असे ठरत नाही. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांनी अनुमान आणि विधी यांतील हे अंतर पुसून टाकले होते. मात्र दोष केवळ त्यांचा नव्हे. ते पुसण्याची सोय मराठी भाषेने करून ठेवलेली आहे, आणि क्रीडालेखक तिचा सढळ हाताने उपयोग करतो.

‘हवे’ या शब्दाकडे पाहावे. ‘मला पाणी हवे’ या वाक्यात ज्याची इच्छा आहे तो चतुर्थ्यंत होऊन समोर उभा असतो. ‘रोहितने थांबायला हवे’ या वाक्यात तो दिसत नाही. ज्याने करावयाचे तो तृतीयेत आहे. ज्याला ते हवे आहे तो वाक्याबाहेर गेला आहे. त्याला परत आत आणू पाहिले तर वाक्यच मोडते : ‘रोहितने थांबायला मला हवे’ असे मराठीत कोणी म्हणत नाही. त्यासाठी रचना बदलावी लागते : ‘रोहितने थांबावे असे मला वाटते.’ या दोन वाक्यांत भेद केवळ सौम्यतेचा नाही. दुसऱ्या वाक्यात मताला मालक आहे. पहिल्यात तो नाही.

‘पाहिजे’ची कथा याहून जुनी. ‘कीजे’, ‘बोलिजे’ या प्राचीन मराठीतील कर्मणी रूपांच्या पंक्तीतले ‘पाहणे’ या धातूचे हे रूप. म्हणजे मुळात ‘पाहिले जाते, अपेक्षिले जाते’. कोणाकडून अपेक्षिले जाते हे सांगण्याची सक्ती कर्मणी रचनेत नसते. आणि ‘थांबावे’ यातील ‘-आवे’ हा प्रत्यय तर संस्कृत ‘-तव्य’चा वारस, कर्तव्याची छाया घेऊनच आलेला. तात्पर्य, मराठीत विधिविधान करण्याची जी तीन नित्याची साधने आहेत, त्यांपैकी एकही बोलणाऱ्याचे नाव घेत नाही. लेखकाचे वैयक्तिक मत या रचनांत घातले, की ते जणू खेळाच्या नियमपुस्तकातून उतरल्यासारखे दिसू लागते. रोहित शर्माच्या तक्रारीचा रोख, माझ्या मते, मत असण्यावर नव्हता. मताने आज्ञेचा वेष घेण्यावर होता. त्याने वापरलेले क्रियापद ‘ठरविणे’ या अर्थाचे होते, ‘म्हणणे’ या अर्थाचे नव्हते, हे ध्यानात घ्यावयास हवे. (हे वाक्य लिहितानाही मी ‘हवे’ वापरले आहे. त्याचा मालक मी आहे, इतके येथे नमूद करतो.)

दुसरी बाब वचनाची. मराठीत वडील ‘येतात’, आई ‘येते’. मुख्याध्यापक ‘म्हणतात’, विठोबा ‘पावतो’. आदरार्थी बहुवचनाच्या बाहेर आपण ज्यांना ठेवतो, त्यांत लहान मूल, आई आणि देव ही मंडळी प्रमुख. नामांकित खेळाडू याच पंक्तीत बसतो. ‘सचिन आला’, ‘रोहित बाद झाला’ असेच आपण म्हणतो, लिहितो. येथे एकवचन हे अनादराचे चिन्ह नसून मालकीचे, जवळिकीचे चिन्ह आहे. मात्र जवळिकीबरोबर रागावण्याचा हक्कही येतो. ज्याला आपण ‘तो’ म्हणतो त्याला ‘आता पुरे’ म्हणावयास आपली जीभ अडखळत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे गावसकरांचे नाव. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडे मैदानावर विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात गावसकर बाद ‘झाला’. आज समालोचनात गावसकर ‘म्हणतात’. माणूस एकच, फलंदाज असताना एकवचनी, समीक्षक होताच अनेकवचनी. म्हणजे खेळणारा तो ‘तो’ आणि न्याय देणारे ते ‘ते’, अशी पायरी भाषेने आखून दिलेली आहे. रसिकांना जी असमानता जाणवते आणि जिच्यामुळे ते लेखकांवर चिडतात, तिचे एक मूळ येथे असावे. किनाऱ्यावरील आगरी व कोळी बोलींत आदरार्थी बहुवचनाचा वापर प्रमाण मराठीइतका नाही. तेथे घरातल्या वडीलधाऱ्यालाही एकेरी हाक असते. त्यामुळे या बोलीत क्रीडालेखकही ‘तो’च होतो. प्रमाण भाषेत शिकलेल्या श्रोत्याला हे उद्धट वाटते. वस्तुतः बोलीने खेळाडू आणि लेखक यांना एकाच पायरीवर आणलेले असते. बोलींचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने येथे सूर आणि व्याकरण यांची गल्लत करू नये.

तिसरी बाब ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांची. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे आणि त्याला वगळणारे अशी उत्तमपुरुषाची दोन बहुवचने मराठीत आहेत. रसिक म्हणतो, ‘आपण हरलो.’ खेळाडू म्हणणार, ‘आम्ही हरलो.’ क्रीडालेखक बहुधा या दोहोंच्या मध्ये ‘भारत हरला’ असे तृतीयपुरुषी लिहितो. रसिकाच्या ‘आपण’मध्ये तो स्वतः आहे आणि कर्णधारही आहे, म्हणून कर्णधाराचा निर्णय त्याला काही अंशी स्वतःचाच वाटतो. लेखकाने मात्र तृतीयपुरुषी तटस्थता पत्करलेली असते. आणि ती पत्करूनही ‘हवे’ म्हणण्याचा अधिकार त्याने राखून ठेवलेला असतो. रसिक लेखकावर संतापतो तेव्हा त्याच्या मनातला आक्षेप बहुधा असा असतो : तुम्ही ‘आपण’मध्ये येत नाही, मग आमच्या माणसाला काय करावे हे कसे सांगता? हा आक्षेप भाबडा म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

पण या आक्षेपाचे जे रूप सर्रास ऐकू येते, ते मात्र टिकणारे नाही. ‘ज्याचे जळते त्याला कळते’. ज्याने कधी बॅट धरली नाही त्याने बोलू नये, असे हे रूप. हीच भूमिका साहित्यात घेतली तर कवी नसलेल्या कोणालाही कवितेवर बोलता येणार नाही आणि आपला विभाग उद्याच बंद करावा लागेल. शिवाय येथे ती वस्तुस्थितीलाही धरून नाही. ध्वनिक्षेपक हाती असलेल्यांपैकी अनेकजण माजी खेळाडू होते. गावसकरांच्या बाबतीत तर ते स्वतः अशाच निर्णयाच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेले आहेत. १९८४-८५च्या मोसमात कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवरील प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली; त्यानंतर फेब्रुवारी १९८७मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या त्या मैदानावरील कसोटीत न खेळण्याचे त्यांनी ठरविले आणि सलग १०६ कसोटींची त्यांची मालिका तेथे तुटली. खेळाडूने स्वतःहून बाहेर राहणे म्हणजे काय, हे त्यांना ऐकून ठाऊक नव्हते. अनुभवामुळे निर्णय समजण्यास मदत होते. परंतु समीक्षा पटते ती कारणांनी. अनुभव हे कारण नव्हे, कारणे सुचण्याची ती एक जागा आहे.

आता परिणामाकडे पाहून न्याय करण्याच्या सवयीविषयी. ९ मार्च २०२५ रोजी दुबईत रोहितच्या नेतृत्वाखाली भारताने चॅम्पियन्स करंडक जिंकला. अंतिम सामन्यात त्याच्या ७६ धावा झाल्या आणि सामन्याचा मानकरीही तोच ठरला. रसिकांनी हा लेखकांना मिळालेला जबाब मानला. पण तो एकदिवसीय सामना होता आणि लेखकांचे म्हणणे कसोटीविषयी होते. दोन महिन्यांनी त्याने कसोटी सोडली, तेव्हा दुसऱ्या पक्षाने तोच दोष उलट्या दिशेने केला. सिडनी कसोटी भारताने सहा गड्यांनी गमावली आणि मालिका १-३ अशी संपली. म्हणून रोहितने खेळावयास हवे होते, की तो नसूनही व्हावयाचे तेच झाले म्हणून बाहेर राहिला ते योग्यच झाले, हे त्या निकालावरून काहीच ठरत नाही. ‘हवे’चे ‘हवे होते’ झाले, की विधीला इतिहासाचा रंग चढतो आणि पुराव्याचा आभास निर्माण होतो.

आख्यायिका कशा तयार होतात याचे एक जुने उदाहरण विजय मर्चंट यांचे आहे. लोक ‘का थांबलात?’ असे विचारत असताना थांबावे, ‘का थांबत नाही?’ असे विचारू लागेपर्यंत वाट पाहू नये, या आशयाचे एक वचन त्यांच्या नावावर फिरते आणि निवृत्तीच्या प्रत्येक वादात पुरावा म्हणून दाखल होते. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावांची खेळी करून ते कसोटीतून गेले, हे त्याचे आदर्श उदाहरण मानले जाते. परंतु त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना झालेली खांद्याची दुखापत हे त्यांच्या थांबण्याचे कारण होते. वचन लक्षात राहिले, खांदा विसरला गेला. एका शारीरिक कारणाचे नैतिक निवडीत रूपांतर झाले आणि त्या मापाने पुढील पिढ्यांचे खेळाडू मोजले जाऊ लागले.

क्रियापदांची निवडही अशीच न्याय उरकून टाकते. सिडनीला नाणेफेकीच्या वेळी जसप्रीत बुमराने कर्णधाराने ‘विश्रांती’ घेतल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी रोहितने स्वतः धावा होत नसल्याचे कारण दिले. त्याच कृतीला कोणी ‘माघार’ म्हणेल, कोणी ‘वगळला’ म्हणेल, कोणी ‘जागा मोकळी केली’ म्हणेल, आणि कट्ट्यावर ‘पळाला’ हेही ऐकू येईल. यांतील प्रत्येक क्रियापदात वृत्त, हेतूविषयी अनुमान आणि निंदा वा स्तुती ही एकत्र बांधलेली आहेत. ‘पळाला’ हे तर दुसऱ्याच खेळातून आलेले आहे. कुस्तीच्या मैदानात जोड ठरते तेव्हा मल्लाला समोरचा कोण हे ठाऊक असते; तो नकार देऊ शकतो आणि त्या नकाराला ‘टाळणे’ म्हणता येते. मुष्टियुद्धातही तसेच आहे. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅक्याव यांच्या लढतीची बोलणी २००९ साली सुरू झाली आणि लढत झाली २ मे २०१५ रोजी. मधल्या वर्षांत कोण कोणाला टाळीत आहे यावर जगभरचे लेखक आणि रसिक भांडत राहिले. तेथे हा शब्द निदान प्रस्तुत तरी होता. क्रिकेटपटू प्रतिस्पर्धी निवडीत नाही. फार तर तो स्वतःची अनुपस्थिती निवडतो, आणि तीही बहुधा निवडसमितीच्या हाती असते. कुस्तीचे क्रियापद येथे आणताना त्याबरोबर भ्याडपणाचा आरोप विनापुरावा आत येतो.

मुष्टियुद्धाच्या इतिहासात याहून गंभीर उदाहरण आहे. महंमद अलीने २८ एप्रिल १९६७ रोजी सैन्यभरतीस नकार दिला. त्याचे अजिंक्यपद काढून घेण्यात आले आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१च्या जूनमध्ये त्याची शिक्षा रद्द केली. त्याने १९६४ साली नाव बदलले असतानाही अनेक अमेरिकी वृत्तपत्रे कित्येक वर्षे त्याला जुन्याच नावाने संबोधीत राहिली. त्या लेखांत मत पुढे मांडले गेले असेल वा नसेल. नावातच निकाल लागलेला होता. समीक्षकाचे मत त्याच्या निष्कर्षाच्या वाक्यात शोधणे पुरेसे नाही. ते त्याने वापरलेल्या नावात, वचनात आणि क्रियापदात आधीच वसलेले असते.

मग खेळाडूच्या निर्णयाचा न्याय करावा तरी कसा? याचे उत्तर या किनाऱ्यावरच्या कबड्डीत बऱ्याच अंशी सापडते. चढाईपटू निदान रेषा ओलांडून एकही गुण न घेता परत येतो, तेव्हा जाणता प्रेक्षक त्याला भित्रा म्हणत नाही. तो पाहतो : आघाडी कोणाची आहे, समोर किती गडी आहेत, वेळ किती उरला आहे. आघाडीवर असताना रिकामी चढाई ही शहाणपणाची. पिछाडीवर असताना शेवटच्या मिनिटात तीच अक्षम्य. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईत गुण घेणे सक्तीचे झाले, तेव्हा या हिशेबात आणखी एक कलम वाढले. येथे न्याय होतो तो निर्णयाच्या क्षणी खेळाडूला जे ठाऊक होते त्यावर. पुढील चढाईत काय झाले यावर नव्हे. हाच प्रेक्षक क्रिकेटच्या वादात शिरताच ही कसोटी विसरतो, कारण तेथे मैदान त्याच्या समोर नसते. समोर असतो तो छापील मजकूर.

ही कसोटी सिडनीच्या निर्णयाला लावली तर असे दिसते : पाच डावांत ३१ धावा, मालिका गमावण्याची वेळ, आणि संघात फलंदाजीचा क्रम विस्कटलेला. एवढ्या माहितीवर कर्णधाराने स्वतःला बाहेर ठेवणे हा समर्थनीय निर्णय होता, असे माझे मत आहे. त्याने खेळावयास हवे होते असे म्हणणाऱ्याने या तीन गोष्टींना तोलेल अशी चौथी गोष्ट पुढे ठेवली पाहिजे. त्याचप्रमाणे, ज्या लेखकांनी त्याच्या कसोटीतील फलंदाजीविषयी शंका घेतली त्यांचे वृत्त बरोबर होते, अनुमानही बरोबर ठरले. त्यांच्या विधिविधानाला मात्र कारणांची जोड क्वचितच होती आणि मालक जवळजवळ नव्हताच. म्हणून रोहितचा आक्षेप अर्धा मान्य करावा लागतो. केव्हा थांबावे हे ठरविणे लेखणीच्या कक्षेत नाही. का थांबावे वा का थांबू नये हे कारणांसह सांगणे मात्र तिच्या कक्षेत आहे. ते तिने सोडले, तर तिच्यापाशी केवळ धावफलक उरतो.

मराठीच्या अभ्यासकांना येथे करण्यासारखे काम आहे. एका मोसमातील एका वृत्तपत्राचे क्रीडापान घेऊन त्यातील ‘हवे’, ‘पाहिजे’ आणि ‘-आवे’ यांची वाक्ये वेगळी काढावीत. त्यांतील किती वाक्यांना कारण जोडलेले आहे आणि किती ठिकाणी ‘माझ्या मते’ असे स्पष्ट म्हटले आहे, हे मोजावे. आणि त्याच काळात त्याच विषयावर होणाऱ्या तोंडी वादांतील वाक्ये बोलीच्या नोंदींसह त्यांच्याशेजारी ठेवावीत. क्रीडासमीक्षेला समीक्षा म्हणावयाचे असेल तर तिची परीक्षा साहित्यसमीक्षेइतक्याच काटेकोरपणे झाली पाहिजे. अलंकारांचे आणि विनोदांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. विधानांची छाननी अद्याप व्हावयाची आहे.